पूर्ण गाणं घ्या, दोन सेकंद घेऊ नका

डिसेंबर २०२१मध्ये ‘स्पायडर-मॅन: नो वे होम’ प्रदर्शित झाला. सिनेमा संपल्यावर श्रेयनामावलीबरोबर एक उड्या मारणारं, खट्याळ गाणं वाजतं. ते ‘द मॅजिक नंबर’, १९८९ सालचं, न्यूयॉर्कजवळच्या डे ला सोल या हिपहॉप गटाचं. २०२१मध्ये जगात सगळ्यात जास्त कमाई केलेला हा सिनेमा. ज्या पोरापोरींच्या डोक्यात ते गाणं बसलं, त्यांनी थिएटरबाहेर येऊन मोबाइलवर ते शोधलं असणारच. पण स्पॉटिफाय असो की ॲपल म्युझिक, गाणं कुठेच नव्हतं. या गटाच्या पहिल्या सहा अल्बमांपैकी एकही अल्बम तिथे नव्हता.

हे काही विस्मरणात गेलेलं संगीत नव्हतं. ज्या अल्बममधलं हे गाणं आहे, तो ‘३ फीट हाय अँड रायझिंग’ अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१०च्या यादीत राष्ट्रीय ठेवा म्हणून निवडला आहे. म्हणजे देशाच्या ग्रंथालयाने जो आवाज पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवायचं ठरवलं, तोच आवाज त्या पुढच्या पिढीला तिच्या फोनवर कायदेशीरपणे ऐकता येत नव्हता. आणि हे एक-दोन वर्षं नाही, गाणी इंटरनेटवर विकली जाऊ लागली तेव्हापासून २०२३पर्यंत चाललं.

असं का, याचं एक सोपं उत्तर नेहमी दिलं जातं. त्यांनी दुसऱ्यांच्या गाण्यांतले तुकडे न विचारता उचलले, मग भोगावं लागलं. मला हे उत्तर पटत नाही. डे ला सोलची कारकीर्द नीट पाहिली तर तिची कोंडी करणारी गोष्ट वेगळीच दिसते. ध्वनिमुद्रणाच्या हक्काचा कायदा असा बनला आहे की त्यात ना मूळ वादकाला काही मिळतं, ना नव्या कलावंताला मोकळेपणा मिळतो. चावी राहते ती मधल्या कंपनीच्या खिशात. ही रचना बदलली पाहिजे, आणि ती बदलता येते.

आधी ही मंडळी काय करत होती ते पाहू. केल्विन मर्सर, डेव्हिड जोलिकर आणि व्हिन्सेंट मेसन हे लाँग आयलंडवरच्या ॲमिटीव्हिल गावातले शाळासोबती. रंगमंचावरची त्यांची नावं पॉस्डनूस, ट्रुगॉय आणि मेसिओ. ‘ट्रुगॉय’ म्हणजे योगर्ट हा शब्द उलटा, कारण डेव्हला दही आवडायचं. सोन्याच्या जाड साखळ्या आणि दरडावणीचा तो काळ, आणि ही पोरं फुलाफुलांचे शर्ट घालून कोडी घालत होती. त्याच गावचा प्रिन्स पॉल हा स्टेट्सासॉनिक या गटात काम करणारा तरुण त्यांना निर्माता म्हणून मिळाला. १९८९च्या मार्चमध्ये टॉमी बॉय या छोट्या रेकॉर्ड कंपनीकडून पहिला अल्बम आला. तिघेही तेव्हा विशीच्या उंबरठ्यावरचे.

सॅम्पलिंग म्हणजे जुन्या रेकॉर्डमधला एखादा तुकडा यंत्रात घ्यायचा, त्याचा वेग आणि सूर बदलायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि त्यावर नवं रचायचं. त्या काळात गाजलेल्या ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० या यंत्रात एकूण दहा सेकंदांच्या आसपास आवाज मावायचा. इतक्याशा जागेत काय ठेवायचं याला कान लागतो.

त्या अल्बममधलं ‘आय नो’ हे गाणं घ्या. त्याच्या पोटात स्टीली डॅनच्या १९७७ सालच्या ‘पेग’चा एक झुलता तुकडा आहे. आणि मधूनच एक शीळ ऐकू येते. ती ओटिस रेडिंगची, ‘डॉक ऑफ द बे’ या गाण्याच्या शेवटी तो वाजवतो ती. ते ध्वनिमुद्रण संपवून काही दिवसांतच, १० डिसेंबर १९६७ला, २६व्या वर्षी विमान अपघातात तो गेला. मूळ गाण्यात ती शीळ एका थकल्या, एकट्या माणसाची आहे. डे ला सोलने ती प्रेमात पडलेल्या मुलाच्या ओठांवर ठेवली आणि तिचा भाव पालटला. स्टीली डॅनचं घोटीव, श्रीमंत स्टुडिओ संगीत आणि दक्षिणेतल्या सोल गायकाची शीळ शेजारी शेजारी बसतील, हे त्याआधी कुणाला सुचलं होतं? ‘से नो गो’मध्ये हॉल अँड ओट्सच्या गुळगुळीत पॉप गाण्याची चाल क्रॅक कोकेनने उद्ध्वस्त केलेल्या वस्तीची गोष्ट सांगायला वापरली आहे. ‘मी मायसेल्फ अँड आय’ फंकाडेलिक या फंक गटाच्या तालावर उभं आहे, आणि ते अमेरिकेतल्या आर अँड बी यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. याला नुसती उचलेगिरी म्हणणं म्हणजे कान बंद करून निकाल देणं आहे.

भांडण मात्र या गाजलेल्या गाण्यांवरून पेटलं नाही. ते पेटलं ‘ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स’ नावाच्या सुमारे मिनिटभराच्या एका गमतीच्या तुकड्यावरून. फ्रेंच भाषा शिकवणाऱ्या रेकॉर्डमधली वाक्यं, आणि त्यांच्याखाली द टर्टल्स या साठच्या दशकातल्या गटाच्या ‘यू शोड मी’चा मंद केलेला तुकडा. टर्टल्सच्या दोघा जणांनी दावा ठोकला आणि प्रकरण कोर्टाबाहेर पैसे देऊन मिटलं. डे ला सोलचं म्हणणं असं, की आम्ही वापरलेल्या तुकड्यांची यादी कंपनीला दिली होती. कोणत्या तुकड्यांची परवानगी काढायची हे कंपनीने ठरवलं, आणि हा मिनिटभराचा तुकडा किरकोळ समजून सोडून दिला. टर्टल्सचा राग मला समजतो. आपला आवाज दुसऱ्याच्या अल्बमवर ऐकू येतो आणि कुणी साधं विचारलंही नाही, याचा संताप येणारच. माझा प्रश्न पुढचा आहे. त्या रागातून व्यवस्था कशी उभी राहिली?

१९९१च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या केव्हिन डफी या न्यायाधीशांनी बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला. त्याने गिल्बर्ट ओसलिव्हन याच्या गाण्याचा तुकडा वापरला होता. निकालपत्राची सुरुवात बायबलमधल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने होते. इतकंच नाही, तर फौजदारी कारवाईचा विचार व्हावा म्हणून प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवण्याचाही आदेश त्यात होता. काहीच वर्षं आधी, लेड झेपेलिन या गोऱ्या रॉक गटावर कृष्णवर्णीय ब्लूज गीतकार विली डिक्सनने दावा केला होता आणि तो १९८७मध्ये निमूटपणे तडजोडीने मिटला. तेव्हा कुणाला धर्मग्रंथ आठवला नव्हता. हा फरक मला क्षुल्लक वाटत नाही.

पुढे २००५मध्ये सहाव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या एका विभागाच्या, अपील न्यायालयाने कळसच केला. एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाच्या गाण्यात फंकाडेलिकच्या गिटारचा सुमारे दोन सेकंदांचा तुकडा होता. न्यायालय म्हणालं, परवाना घ्या नाहीतर सॅम्पल करू नका. तुकडा किती लहान, ओळखू येतो की नाही, हे बघायचीच गरज नाही. २०१६मध्ये कॅलिफोर्नियाकडच्या नवव्या सर्किटने मॅडोनाच्या ‘व्होग’मधल्या पाव सेकंदाच्या एका हॉर्नवरून नेमका उलटा निकाल दिला. आज अमेरिकेत अशा चिमुकल्या तुकड्याचा कायदा तुम्ही कोणत्या राज्यात खटला लढवता यावर ठरतो.

याच्या शेजारी आता दुसरा नियम ठेवून बघा. १९०९पासून अमेरिकेत कायदा आहे की एखादं गाणं एकदा प्रकाशित झालं की ते कुणीही पुन्हा गाऊन रेकॉर्ड करू शकतो. परवानगी मागायची नाही, ठरलेला दर भरायचा. २००६ ते २०२२ हा दर प्रत्येक प्रतीमागे ९.१ सेंट होता. पाच मिनिटांपर्यंतचं सगळं गाणं, मुखडा, अंतरा, शब्द, चाल, सारं तुमचं. मूळ गीतकाराला तुमचा आवाज आवडो न आवडो, तो नाही म्हणू शकत नाही. भारतातही कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ३१-सी आलं, आणि मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी भरून कव्हर व्हर्जन काढता येतं. त्याच्या आधी, ऐंशीच्या दशकात, जुनी हिंदी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतलेल्या स्वस्त कॅसेटींनी इथला बाजार कसा भरून गेला होता हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हा नियम किती पुढे जाऊ शकतो हे सांगायला नको.

म्हणजे पूर्ण गाणं घ्यायला दर ठरलेला आहे. त्याच गाण्याच्या ध्वनिमुद्रणातले दोन सेकंद घ्यायचे तर मात्र दोन दारं ठोठावायची, चालीच्या मालकाचं एक आणि मुद्रणाच्या मालकाचं दुसरं. दोघांपैकी कुणीही नकार देऊ शकतो, तोंडाला येईल ती किंमत सांगू शकतो किंवा उत्तरच न देता बसू शकतो. एका गाण्यात पाच तुकडे असतील तर दहा दारं. यामागे न्यायाचं कोणतं तत्त्व आहे, ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

कलावंताचं रक्षण हे तत्त्व आहे असं कंपन्या सांगतात. मग क्लाइड स्टबलफिल्डचं काय झालं ते बघा. जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’ या १९७०च्या रेकॉर्डवर मधे काही सेकंद फक्त ड्रम वाजतो. हिपहॉपच्या इतिहासात याहून जास्त वापरलेले तुकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तो हात स्टबलफिल्डचा. त्याला त्या शेकडो गाण्यांमधून रॉयल्टी मिळाली नाही, कारण कागदोपत्री तो गीतकार नव्हता आणि मुद्रणाचा मालकही नव्हता. तो वादक होता, बस. २०१७मध्ये तो वारला. कडक कायद्याने त्याचं काय रक्षण केलं?

आपल्याकडच्या एका आवाजाचीही यात कहाणी आहे. २००२मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचं ‘ॲडिक्टिव्ह’ गाजलं. त्याच्या मुळाशी लता मंगेशकरांचं ‘थोडा रेशम लगता है’ होतं, १९८१च्या ‘ज्योती’ चित्रपटातलं. बप्पी लाहिरींनी लॉस एंजेलिसच्या न्यायालयातून आदेश मिळवला की संगीतकाराचं श्रेय दिल्याशिवाय सीडी विकायची नाही. सारेगामाने वेगळा दावा लावला. संगीतकार भांडला, कंपनी भांडली. ज्या गळ्यामुळे ते गाणं लॉस एंजेलिसपर्यंत पोचलं, त्या गळ्याचा मालकी हक्काच्या त्या भांडणात पक्षच नव्हता. गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून साठच्या दशकात लताबाई उभ्या राहिल्या होत्या आणि त्यावरून रफीसाहेबांशी त्यांचा अबोला झाला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. तो प्रश्न केवढा मोठा होता, ते अशा वेळी कळतं.

डे ला सोलकडे परत येऊ. ही मंडळी पहिल्या यशावर बसून राहिली नाहीत. हिप्पी म्हणून आपल्यावर मारलेला शिक्का त्यांना इतका नकोसा झाला की १९९१च्या दुसऱ्या अल्बमचं नावच त्यांनी ‘डे ला सोल इज डेड’ ठेवलं आणि मुखपृष्ठावर डेझीच्या फुलांची कुंडी उलटी पाडलेली दाखवली. त्यात बापाच्या लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलीवरचं एक गाणं आहे. हिपहॉपने तोवर असा विषय क्वचितच हाताळला होता. १९९६च्या ‘स्टेक्स इज हाय’मध्ये त्यांनी आपल्याच क्षेत्रातल्या पैशाच्या आणि बंदुकीच्या हव्यासाला समोरासमोर सुनावलं. गोरिलाझ या ब्रिटिश गटाबरोबरच्या २००५च्या ‘फील गुड इंक.’मुळे त्यांना ग्रॅमी मिळालं. हे गाणं मात्र सगळीकडे ऐकता येत होतं, कारण ते दुसऱ्या कंपनीच्या हातात होतं. नव्या पिढीला त्या गाण्यातलं त्यांचं हसू ठाऊक होतं, त्यांची गाणी नव्हती.

यामागची मेख कळली तेव्हा मला खरा राग आला. जुन्या तुकड्यांच्या ज्या परवानग्या १९८९च्या सुमारास काढल्या होत्या, त्यांत पॉस्डनूसने सांगितल्याप्रमाणे रेकॉर्ड आणि कॅसेट एवढेच प्रकार लिहिले होते. पुढे येणाऱ्या तंत्राचा उल्लेख नव्हता. म्हणजे परवानगी काढलेल्या, पैसे मोजलेल्या तुकड्यांसाठीसुद्धा सगळं नव्याने करावं लागणार होतं. मधल्या काळात मालकी टॉमी बॉयकडून वॉर्नरकडे गेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला जुने कागद पुन्हा उलगडून बसण्यात रस नव्हता. दाव्याची भीती आणि वकिलांचा खर्च यांच्यापुढे गाणी बंद ठेवणंच तिला परवडत होतं. ते तिला परवडत होतं, गटाला नाही, पण गटाला विचारतो कोण?

मग त्यांनी काय केलं? २०१४च्या व्हॅलेंटाइन डेला आपलं जवळजवळ सगळं संगीत २५ तास फुकट डाउनलोडसाठी खुलं केलं. पुढच्या वर्षी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले. १ लाख १० हजार डॉलर मागितले होते, ११ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ६ लाखांच्या वर दिले. त्यातून त्यांनी वादकांना बोलावून सुमारे दोनशे तासांचं संगीत मुद्रित केलं आणि त्यातलेच तुकडे कापून २०१६चा अल्बम बनवला. सॅम्पलिंगचे उस्ताद आता स्वतःचंच सॅम्पल करत होते, कारण तेवढंच त्यांचं स्वतःचं होतं. ही युक्ती कौतुकाची आहे. पण ती त्यांच्यासारख्या नावाजलेल्यांनाच शक्य होती.

२०१७मध्ये टॉमी बॉयने मालकी परत मिळवली आणि २०१९मध्ये जुने अल्बम स्ट्रीमिंगवर आणायची घोषणा केली. तेव्हा गटाने उघडपणे सांगितलं की उत्पन्नातले ९० टक्के कंपनी ठेवणार आणि आम्हाला १० टक्के देणार. नाझ, क्वेस्टलव्ह यांच्यासारखे कलावंत त्यांच्या बाजूने उभे राहिले, टायडल या स्ट्रीमिंग सेवेने हे अल्बम घ्यायला नकार दिला आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. २०२१मध्ये रिझर्व्हायर या कंपनीने सुमारे १० कोटी डॉलर देऊन टॉमी बॉय विकत घेतली आणि गटाशी नीट बोलणी केली. तुकड्यांच्या परवानग्या पुन्हा काढल्या गेल्या, काही ठिकाणी बदल करावे लागले. ३ मार्च २०२३ला, पहिला अल्बम आल्याला बरोबर ३४ वर्षं झाली त्या दिवशी, सगळी गाणी खुली झाली. डेव्हिड जोलिकर १२ फेब्रुवारीला गेला होता. तो ५४ वर्षांचा होता.

इथे एक गोष्ट ठसते. ज्याला इतकी वर्षं अशक्य म्हटलं गेलं, ते मालक बदलल्यावर दोनेक वर्षांत झालं. कायद्याचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. अडचण तुकड्यांची नव्हतीच. अडचण होती ती ही, की चावी ज्याच्याकडे होती त्याला कुलूप उघडण्याची सक्ती नव्हती.

म्हणून मला वाटतं, सॅम्पललाही कव्हरसारखाच वैधानिक परवाना असावा. मूळ मुद्रणाला काही वर्षं झाली की ठरावीक लांबीचा तुकडा ठरलेला वाटा देऊन कुणालाही वापरता यावा. वाटा एकरकमी नको, नव्या गाण्याच्या उत्पन्नातून टक्केवारीने असावा, म्हणजे गाणं न चाललेल्या पोरावर कर्ज होणार नाही आणि चाललेल्याकडून मूळ कलावंताला भरघोस मिळेल. त्या वाट्यातला ठरावीक हिस्सा, मालकी कुणाचीही असो, थेट वादकाला आणि गायकाला गेला पाहिजे. श्रेय सक्तीचं असावं. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ चिजेचं किंवा गाण्याचं नाव छापलेलं असे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. आणि एकदा दिलेली परवानगी पुढे येणाऱ्या प्रत्येक तंत्राला आपोआप लागू व्हावी, कॅसेटपाशी संपू नये.

यावर एक आक्षेप खरा आहे. माझा आवाज मला किळस येईल अशा गाण्यात कुणी घातला तर? गायकाला, वादकाला, किंवा तो हयात नसेल तर त्याच्या कुटुंबाला अशा वेळी हरकत घेण्याचा मर्यादित हक्क असावा, हे मला मान्य आहे. पण तो हक्क माणसाचा असावा, कंपनीचा नसावा. टर्टल्ससारख्यांना दाद मिळेल, स्टबलफिल्डसारख्यांना पैसे मिळतील आणि ॲमिटीव्हिलच्या पोरांसारख्यांना वकिलाशिवाय काम करता येईल. आज सॅम्पलिंग ही गडगंज रॅपरांची चैन झाली आहे. पाच-सहा रेकॉर्डींचे तुकडे एका गाण्यात विणणारं १९८९चं ते संगीत आज विशीतला मुलगा कायद्याने बनवूच शकत नाही, आणि ही कलेची हानी आहे.

हे सगळं व्यवहारात बसणार नाही, इतक्या मालकांना एकत्र कोण आणणार, असं कुणी म्हणत असेल तर त्याने २०२४-२५मधल्या बातम्या वाचाव्यात. २०२४च्या जूनमध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि उडिओ या कृत्रिम बुद्धिमत्तेने गाणी बनवणाऱ्या कंपन्यांवर दावे लावले, आमची मुद्रणं न विचारता वापरली म्हणून. २०२५ सरायच्या आत युनिव्हर्सलने उडिओशी आणि वॉर्नरने सुनोशी तडजोड करून परवान्याचे करारही केले. यंत्राला शिकवण्यासाठी घाऊक परवाना द्यायला दीड वर्ष पुरतं. वॉर्नरच्या ताब्यात डे ला सोलचे सहा अल्बम दीड दशकाच्या आसपास पडून होते. तेव्हा परवाना देता येत नाही ही सबब यापुढे कुठल्याही कंपनीने कुठल्याही कलावंताला सांगू नये, आणि सांगितली तर कायदेमंडळाने ती ऐकून घेऊ नये.